सर्दीवाल्या मॅडम

आमच्या मॅडमनी कुणाला "कसे आहात?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. जिन्यात, कॅन्टीनमध्ये, अगदी एखाद्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका हातात घेतानाही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नाक काय म्हणते?" समोर सर्जन असो की फरशी पुसणारी बाई. दवाखान्यातले लोक या प्रश्नाला इतके सरावले होते की मॅडम व्हरांड्याच्या त्या टोकाला दिसल्या की या टोकावरून ओरडून उत्तर देत, "कोरडं हाय मॅडम, ठणठणीत!" मॅडम चालता चालताच हात वर करत आणि पुढच्या नाकाकडे वळत. त्या समाजवैद्यकशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या, दारावर पदव्यांची लांबलचक पाटी होती. पण अमरावतीच्या त्या दवाखान्यात त्यांचं नाव सर्दीवाल्या मॅडम असंच पडलं होतं. ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "बरं हाय," त्या म्हणाल्या, "मूळव्याधवाली नाही म्हटलं कोणी."

या चौकशीमागे काम होतं. कोरोनाची लस आली आणि ती सगळ्यांच्या आधी दवाखान्यातल्या माणसांना मिळाली. लस घेतलेल्या डॉक्टर, नर्स आणि कामगारांचा त्या रोगापासून प्रत्यक्षात कितपत बचाव होतो, हे मॅडम मोजत होत्या. लस बाजारात येण्याआधी ती तपासलेली असतेच. पण ते तपासणं वेगळं आणि दिवसभर तोंडावर खोकणाऱ्या माणसांमध्ये उभं राहून काम करणाऱ्यांच्या अंगात ती काय करते, हे वेगळं. अमरावतीतला आमचा दवाखाना आणि अकोल्यातला एक, अशा दोन ठिकाणची माणसं या अभ्यासात होती. लस घेतलेली होती, न घेतलेलीही होती. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा फोन करायचा, ताप, खोकला, सर्दी, अंगदुखी विचारायची, आणि काही असलं की लगेच नाकातला नमुना घेऊन तपासायचा. फोन करायचं काम माझ्याकडे होतं.

मी तेव्हा नुकतीच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, नांदगाव खंडेश्वरची मुलगी. मुलाखतीला जाताना मी सूत्रं पाठ करून गेले होते. मॅडमनी माझी गुणपत्रिका उलटी करून टेबलावर ठेवली आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "एक्स-रेच्या खोलीतल्या माणसाले फोन लाव. त्याले दोन दिवसापासून खोकला हाय अन् तो सांगून नाही राहिला. काढून दाखव त्याच्याकडून." मी घाबरत फोन लावला. तो माणूस मूळचा आमच्याच तालुक्यातला निघाला. मी पाऊसपाण्याबद्दल बोलले, तुरीबद्दल बोलले, आणि मग खोकल्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आता तुमाले काय खोटं सांगू ताई, गंज खोकला हाय, रातभर झोप नाही." मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाल्या, "ये खाली. नमुना दे." मग माझ्याकडे वळल्या, "उद्यापासून ये, नांदगाव." तेव्हापासून मी नांदगावच. त्यांच्या तोंडी माझं खरं नाव मी एखाद्‌दुसऱ्या वेळीच ऐकलं असेल.

त्या मूळच्या अचलपूरकडच्या. वडिलांचा भाजीपाल्याचा मळा होता. शिक्षणासाठी अमरावतीत आल्या, पुढे मोठ्या शहरांत शिकल्या, परदेशातही जाऊन आल्या, पण बोली मात्र मळ्यातलीच राहिली. लिहायच्या ते इंग्रजी वाचून मोठमोठ्या तज्ज्ञांनी माना डोलवाव्यात, आणि बोलायच्या ते असं की नव्या माणसाला वाटावं, आता मार बसतो. एकदा पुण्याच्या एका डॉक्टरांबरोबर संगणकावरून बैठक चालली होती. ते काही म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं चुकलं. असं नाही होत." बैठक संपायच्या आधीच त्या गृहस्थांचा मला निरोप आला, "मॅडम रागावल्या आहेत का?" मी मॅडमना तो दाखवला. त्या चक्रावल्याच. "रागावली? मी तर लाडानं बोलली!"

फोनवर बोलण्याबद्दल त्यांचा एक नियम होता. प्रश्न तोच, त्याच क्रमानं आणि त्याच आवाजात विचारायचा. लस घेतलेल्याला एका सुरात आणि न घेतलेल्याला दुसऱ्या सुरात, हे चालायचं नाही. सुरुवातीला मी लस न घेतलेल्यांना जरा काळजीनं विचारत असे. मॅडम मागे येऊन उभ्या राहत आणि माझ्या खुर्चीवर टकटक करत. "त्याले तू घाबरून विचारून राहिली, म्हणून तो शिंक आठवून सांगून राहिला. अन् लसवाल्याले तू हसत विचारते, तो आपली शिंक गिळून टाकते. मंग लस चांगली की तुझा आवाज चांगला, हे कसं समजन?" पुढे त्यांनी लस कुणी घेतली आणि कुणी नाही, ही माहिती माझ्यापासून दूरच ठेवली. अर्थात लोक स्वतःहून सांगतच. "ताई, मी तर टोचून घेतली, मले काय होते!" असं म्हटलं की माझा नाइलाज व्हायचा.

अकोल्याला आम्ही बहुतेक वेळा एसटीनं जायचो. मॅडमना गाडी मिळायची, पण त्यांना एसटी आवडे. बसमध्ये त्या मास्क काढत नसत. मूर्तिजापूरला गाडी थांबली की खाली उतरून वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहत आणि आलूबोंडा कढीत बुडवून खात. खाऊन झालं की समोरच्या भाजीवालीशी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवरून वाद. "काल तोडलेला सांभार हाय हा. पाणी मारून आणला तू." भाजीवाली शपथा घेई. मॅडम जुडी नाकाशी नेत, मान हलवत आणि तरीही विकत घेत. अकोल्याला पोचेपर्यंत बसभर कोथिंबिरीचा वास. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, मॅडम यायच्या आधी त्यांची पिशवी येते.

मॅडमचं एक तत्त्व होतं, आणि ते त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या गळी उतरवलं होतं. मोजणाऱ्यानं मधात पडू नये. लस घ्या, नका घेऊ, हे सांगणारे लोक वेगळे. आपण फक्त काय होतं ते पाहायचं. आपण एकाला ढकललं, दुसऱ्याला थांबवलं, तर मग आपण पाहिलं ते खरं राहत नाही. मला हे पटलं होतं. त्यांनाही ते मनापासून पटलेलं होतं, म्हणून तर पुढचं सगळं त्यांना इतकं जड गेलं.

अकोल्याच्या दवाखान्यात भास्करभाऊ नावाचे रुग्णवाहिकेचे चालक होते. पन्नाशीच्या आतबाहेर, आवाज भरदार. माझे सगळ्यांत आवडते फोन त्यांचे. "भास्करभाऊ, सर्दी?" "नाही." "खोकला?" "मले नाही. गाडीले हाय. चढावर लय खोकते." ताप विचारला की म्हणायचे, "तुमचा फोन आला की येते थोडा." रोज बाधित माणसांची ने-आण करूनही त्यांना तोवर काही झालं नव्हतं. त्यांनी लस घेतली नव्हती. का म्हणून मी विचारायचं नाही, असा आमचा नियम. पण ते स्वतःच सांगत. "होयाचं असतं तर गेल्या वर्षीच झालं असतं, ताई. अन् आमची सुनंदा म्हणते, कशाले चांगल्या अंगात सुई घालता." मी "बरं" म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळायची.

हिवाळा सरता सरता आमच्या भागात रुग्ण पुन्हा वाढले. बाकीच्या महाराष्ट्रात अजून लोक लग्नं करत हिंडत होते, तेव्हा अमरावतीची दुकानं बंद झाली होती. वॉर्ड भरले. माझ्या फोनवरची उत्तरं बदलली. जी माणसं चेष्टेत बोलत, ती थकल्या आवाजात एकेक शब्द बोलू लागली. मॅडम सकाळी वॉर्डात जात आणि दुपारी येऊन माझ्यासमोर नुसत्या बसत. एक दिवस म्हणाल्या, "आपल्यातले जे ऑक्सिजनवर हायेत ना, त्याईत दोन्ही डोस झालेला मले कोणी दिसून नाही राहिला." मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे आपला निष्कर्ष..." त्यांनी हात वर केला. "निष्कर्ष नाही. डोळ्यानं पाह्यलं ते सांगून राहिली. पक्कं म्हणाले अजून वेळ हाय." मग थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, "पन तोवर बाकीच्याईले तसंच ठेवू का मी?"

विभागातल्या एका सहकारी डॉक्टरांनी त्यांना अडवलं. ते वाईट माणूस नव्हते. अभ्यासाची काळजी त्यांनाही होती. "मॅडम, न घेतलेले लोक आधीच थोडे आहेत. तुम्ही त्यांनाही राजी केलंत, तर तुलना कुणाशी करणार? आपल्याकडे ते लोक पाहिजेत." मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. "पाह्यजेत? मले माह्या अभ्यासासाठी बिगरलशीचा माणूस पाह्यजे म्हणून मी त्याले तसाच उघडा ठेवू? मी डॉक्टर हाओ का शिकारी?"  दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही अकोल्याला निघालो. त्या दिवशी मूर्तिजापूरला त्या खाली उतरल्या नाहीत.

भास्करभाऊंचं घर जुन्या शहरात होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. आम्ही ओट्यावरच बसलो. सुनंदावहिनी दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. मॅडमनी भाषण केलं नाही. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तेही सांगितलं. ताप येऊ शकतो, हात दुखेल. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, त्यासाठी अर्धा तास बसवून ठेवतात.

"लस घेतली का मंग हा रोग होतच नाही का?" वहिनींनी विचारलं.

"होऊ शकते."

"मंग घ्याची काहून?"

"झाला तरी छातीपर्यंत जाऊन नाही राहिला, असं मले वार्डात दिसून राहिलं. आज मले एवढंच मालूम हाय, बाई. याच्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईन."

वहिनी दारातून पुढे आल्या आणि ओट्याच्या कडेला टेकल्या. मला वाटतं, त्या शेवटच्या वाक्यानंच त्यांचं मन वळलं. भास्करभाऊ म्हणाले, "चाला, एवढ्या लांबून माय आली तर घेऊन टाकतो." निघताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "टोचल्या टोचल्या काई होत नाही, भाऊ. अंगात ताकद याले साधारण दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस सांभाळजा." "सांभाळतो," ते म्हणाले. त्याच दुपारी त्यांनी पहिला डोस घेतला. आम्ही परत निघालो तेव्हा ते गाडी पुसत होते. आम्हाला पाहून त्यांनी दंड दाखवला आणि ते हसले.

पुढच्या फोनला ते हसले नाहीत. "ताई, ताप हाय," एवढंच म्हणाले. नमुना बाधित आला. लस घेऊन आठवडाही झाला नव्हता. दोन दिवसांत त्यांना दाखल करावं लागलं, आणि मग ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

मॅडम रोज अकोल्याला जाऊ लागल्या. वॉर्डात त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं, तिथले डॉक्टर त्यांचं काम करतच होते. तरी त्या जात. एका दुपारी वॉर्डाच्या फाटकाशी सुनंदावहिनींनी त्यांना गाठलं. मी शेजारीच होते. वहिनींचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळे तो जास्त लागला. "तुमीच आल्या होत्या ना घरी? चांगला माणूस होता माहा. तुमच्या सुईनं झालं ना हे?"

मॅडमना सगळं समजावता आलं असतं. रोगाची लागण होऊन ताप येईपर्यंत काही दिवस जातात. बहुतेक आम्ही ओट्यावर बसलो होतो तेव्हाच तो विषाणू भाऊंच्या अंगात शिरलेला होता, किंवा लगेच दुसऱ्या दिवशी गाडीत शिरला असेल. यातलं त्या काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सुईनं नाही झालं, बाई. सुई उशिरा भेटली. मी उशिरा आली."

वहिनी फाटकाच्या गजाला धरून खाली बसल्या. मॅडमही, साडीची पर्वा न करता, तिथेच जमिनीवर बसल्या. येणारे-जाणारे पाहत होते. कोण कुणाची नातेवाईक, हे कुणाला कळलं नसतं.

भास्करभाऊ वाचले नाहीत. सकाळी बातमी आली तेव्हा मी फोनचं काम सुरू करायला बसले होते आणि त्या दिवशीच्या नावांत त्यांचंही नाव होतं.

दवाखान्यात बोभाटा झाला, लस घेतली अन् गेला. दुसऱ्या डोसाला येणारे लोक येईनासे झाले. मॅडम अकोल्याला चालकांच्या शेडपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंचे सोबती त्यांच्याशी नीट बोलायला तयार नव्हते. एक जण म्हणाला, "मंग नाहीच ना केलं लशीनं काम?" मॅडम म्हणाल्या, "काम कराले येळच नाही भेटला तिले. याच्यात माही चूक हाय. मी त्याले सांभाळ म्हटलं. गाडी चालवणाऱ्या माणसानं गाडीत बसून कसं सांभाळाचं? तेवढे दिवस त्याची ड्युटी बदलून मागाची होती मी. नाही मागितली. मले सुचलंच नाही."  मोठ्या पदावरच्या कुणी आपली चूक अशी उभ्यानं कबूल केलेली त्या चालकांनी पाहिली नसावी. त्यांतल्या काहींनी पुढे लस घेतली. त्या प्रत्येकाची ड्युटी बदलून मागायला मॅडम स्वतः तिथल्या अधीक्षक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. काहींची बदलली, काहींची नाही. माणसंच कमी होती. पण नाही मिळाली तर त्या पुन्हा जात.

माझ्यापुढे वेगळा प्रश्न होता. भास्करभाऊंना संगणकात कुठे धरायचं? आम्ही आधीच ठरवलेला नियम स्पष्ट होता: डोसानंतरचे पहिले दोन आठवडे मोजायचे नाहीत, कारण तो माणूस तेव्हा धड लस न घेतलेला नसतो, आणि लशीनं राखलेलाही नसतो. म्हणजे भाऊंचा मृत्यू ना इकडे धरला जाणार होता, ना तिकडे. मला ते अन्यायाचं वाटलं. मी मॅडमना तसं म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "नियम आपण कोणाचं तोंड न पाहता ठरवला होता, नांदगाव. आता तोंड पाहून बदलला, तर बाकी सगळ्याईचंही खोटं होते." मग म्हणाल्या, "तो हिशोबात नाही म्हणून आपल्या डोक्यातून जाईन असं थोडंच हाय."

त्यानंतर काही दिवसांनी मॅडमनाच ताप आला. त्यांचे दोन्ही डोस कधीच झाले होते. नमुना बाधित आला आणि त्या घरी एका खोलीत बंद झाल्या. अभ्यासात त्यांचंही नाव असल्यानं मला त्यांना फोन करणं भाग होतं. भाऊंचा आवाज अजून माझ्या कानात होता. "मॅडम, ताप...?" मी विचारलं. पलीकडून खोकला आला आणि पाठोपाठ बोलणं, "तुझा आवाज बारीक झाला. परत विचार. सगळ्याईले विचारते तसं." मी घसा साफ करून पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी सगळी उत्तरं दिली: ताप हाय, नाक गळून राहिलं, वास नाही, दम नाही लागत. शेवटी मी विचारलं, अजून काही सांगायचंय का? त्या म्हणाल्या, "सांगाचं हाय, पन ते तुह्या प्रश्नात बसत नाही. भास्करपेक्षा मी वयानं मोठी, साखर माही वाढलेली. अन् मी खाटेवर बसून वरण-भात खाऊन राहिली." त्यांनी फोन ठेवला नाही. मीही फोन ठेवला नाही.

बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी अकोल्यात सुनंदावहिनींकडे जायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला उघडलं, पण बोलणं झालं नाही. नंतर कधीतरी चहा आला. काय बोलत असत, मला ठाऊक नाही. मी ओट्यावर थांबायची. भाऊंच्या जागी वहिनींना दवाखान्यात मदतनीस म्हणून घेण्याचं काम अडलं होतं, त्यासाठीही मॅडमनी बऱ्याच जणांची डोकी खाल्ली. एका संध्याकाळी परतताना बसमध्ये एवढंच म्हणाल्या, "आज तिनं साखर विचारली. किती टाकू म्हणे."

अभ्यासाचा निकाल लिहायची वेळ आली तेव्हा वरच्या एका साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. लस घेऊनही दवाखान्यातल्या बऱ्याच जणांना सौम्य आजार झाला होता. साहेबांचं म्हणणं, साधी सर्दी-पडशी कशाला दाखवायची? पेपरवाले "लस घेऊनही कोरोना" असं छापतील आणि लोक बिथरतील. गंभीर आजार तेवढाच दाखवा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ज्याले लस घेऊन सर्दी झाली, त्याले ते मालूमच हाय. त्याच्या बायकोले मालूम हाय, शेजाऱ्याले मालूम हाय. आपण ते लपवलं, तर आपलं दुसरं काहून मानन तो? छातीपर्यंत जात नाही, हे त्याले पटवाचं असन तर सर्दीही आपणच सांगावी लागन." साहेबांनी आणखी थोडी ओढाताण केली आणि सोडून दिलं. निकालात सगळं गेलं: लागण थांबवण्यात लस थोडी कमी पडली, जीव वाचवण्यात नाही. आम्ही मध्येच लोकांना राजी केल्यामुळे तुलनेला माणसं कमी उरली आणि म्हणून आमचा आकडा हवा तेवढा पक्का नाही, हेही मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिलं. त्या सहकारी डॉक्टरांनी ते वाक्य वाचलं, आणि खाली आपली सही केली.

हा निकाल बाहेर कुठे जाण्याआधी मॅडमनी तो दोन्ही दवाखान्यांतल्या लोकांना वाचून दाखवला. "ज्याईनं नाक देलं, त्याईले आधी." अकोल्याच्या सभागृहात सफाई कामगार पुढच्या रांगेत आणि प्राध्यापक मागे, अशी बसण्याची व्यवस्था आपोआपच झाली होती, कारण कामगार वेळेवर आले होते. मॅडम वऱ्हाडीत बोलल्या. एका बाईनं विचारलं, "मंग मास्क काढू का आता?" मॅडम म्हणाल्या, "काढ. पन घरी जाऊन." सगळे हसले. सुनंदावहिनी दाराजवळ उभ्या होत्या, नव्या कामाच्या निळ्या साडीत. त्या हसल्या की नाही, मला दिसलं नाही. शेवटपर्यंत थांबल्या, एवढं दिसलं.

मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. सख्खा भाऊ परतवाड्याला असतो, त्याच्या शेजारी थोडी जागा आहे, तिथे जाते, म्हणाल्या. त्यांना सोडायला मी अमरावतीच्या बसस्थानकावर गेले. मला रडू येत होतं. मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "रडू नोको. परतवाडा काई अमेरिका नाही. अर्ध्या अर्ध्या तासानं गाडी हाय." बस निघाली तेव्हा मात्र त्यांनी मान दुसरीकडे वळवली होती.

मी आता अकोल्यात काम करते. यंदा आम्ही फ्लूच्या लशीवर असाच अभ्यास सुरू केला आहे, पुन्हा दवाखान्यातल्याच लोकांवर. फोन करायला नवी मुलं आहेत. मी त्यांच्या खुर्च्यांमागे फिरते. माणसं बदलली, काहींना तो काळ आठवायलाही नको वाटतो. मला आठवतो. त्यातल्या भीतीपेक्षा मूर्तिजापूरचा थांबा आणि बसभर पसरलेला सांभाराचा वास जास्त आठवतो, याचं माझं मलाच नवल वाटतं.

गेल्या महिन्यात सुनंदावहिनी माझ्या खोलीत आल्या. त्या आता तापाच्या वॉर्डात मदतनीस आहेत. उभ्यानंच म्हणाल्या, "मले घ्याची हाय ती फ्लूची लस. अभ्यासातही घ्या माहं नाव." मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. "एक सांगा. ही अंगात याले किती दिवस लागतात?"

"साधारण दोन आठवडे, वहिनी."

त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी उठले, त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि अधीक्षक साहेबांच्या केबिनकडे गेले. साहेब माणसं कमी आहेत म्हणाले. मी उभीच राहिले. ते पुन्हा म्हणाले. मी पुन्हा मागितलं. शेवटी त्यांनी तेवढ्या दिवसांसाठी वहिनींना कपड्यांच्या भांडारात बदलून दिलं. मग मी वहिनींबरोबर लसीकरणाच्या खोलीत गेले आणि टोचून झाल्यावर अर्धा तास त्यांच्या शेजारी बसून राहिले.

संध्याकाळी मी परतवाड्याला फोन लावला. मॅडम वाफ्याला पाणी देत होत्या, मागे पाइपचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मॅडम, सुनंदावहिनींनी आज लस घेतली. स्वतःहून आल्या."

पाण्याचा आवाज बंद झाला.

"ड्युटी बदलून देली का तिची?"

"दिली, मॅडम."

 मग त्या म्हणाल्या, "बरं केलं, वैशाली." आणि पाणी पुन्हा सुरू झालं.